पाण्यात म्हैस, बाहेर मोल : न पाहता घेतलेल्या बॉक्स्टरचं प्रकरण

पार्श्वभूमी

खरेदीदार कोल्हापूरचा, चाळिशी ओलांडलेला, स्वतःचा ओतकामाचा छोटा कारखाना असलेला. दोन जर्मन सेदान आधी वापरलेल्या, त्यामुळे महागडे सुटे भाग आणि दूरचं सर्व्हिस सेंटर यांची सवय होती. आता त्याला दोन सीटची, छत उघडणारी गाडी हवी होती आणि खर्चाची मर्यादा 25 लाख होती.

फेब्रुवारी 2022 मध्ये दिल्लीच्या एका जुन्या आलिशान गाड्यांच्या विक्रेत्याकडे पोर्शे बॉक्स्टर एस दिसली. ‘987’ या सांकेतिक क्रमांकाच्या पिढीची, 3.4 लिटर इंजिन, 295 अश्वशक्ती, पाच गिअरची टिपट्रॉनिक, म्हणजे ऑटोमॅटिक. नोंदणी जुलै 2008 ची, आरसीवर तिसरा मालक, मीटरवर 29,800 किलोमीटर. मागणी साडेचोवीस लाखांची होती. त्याच सुमारास मुंबईत याच इंजिनाची, त्याच वर्षाची, 41,000 किलोमीटर चाललेली आणि सर्व्हिसची बिलं जपलेली गाडी साडेसत्तावीस लाखांना मिळत होती.

दिल्लीची गाडी स्वस्त असण्याला साधं कारण होतं. 15 वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने 2014 साली घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये कायम ठेवली, त्यामुळे तेराव्या-चौदाव्या वर्षी तिथल्या गाड्यांचे भाव तेव्हा कोसळायचे. बाहेरच्या राज्यातल्या गिऱ्हाइकाला ही संधी वाटायची आणि बऱ्याचदा ती असायचीही. खरेदीदाराने सगळा फरक या एकाच कारणाच्या खात्यात मांडला आणि गाडीत काही खोट असेल का, हा हिशेब केलाच नाही.

या गाडीत मुळात काय पाहायचं असतं

2009 च्या मॉडेलपासून बॉक्स्टरला नवं इंजिन आलं. त्याआधीच्या इंजिनाची दोन दुखणी जगजाहीर आहेत.

पहिलं इंटरमिजिएट शाफ्टच्या, म्हणजे इंजिनातल्या मधल्या दांड्याच्या, बेअरिंगचं, ज्याला सगळे ‘आयएमएस’ म्हणतात. 2006 ते 2008 च्या इंजिनात हे बेअरिंग मोठ्या आकाराचं आहे. आधीच्या लहान बेअरिंगपेक्षा ते कमी वेळा दगा देतं, पण ते बदलायचं तर क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं मुख्य कवच, दुभागावीच लागते.

दुसरं दुखणं बोअर स्कोअरिंगचं, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीवर उभे चरे पडणं. हे 3.4 लिटरच्या इंजिनात जास्त दिसतं. ब्लॉक अॅल्युमिनियमचा, त्यात सिलिंडरच्या जागी सिलिकॉनयुक्त थर ओतून घेतलेला. त्या पृष्ठभागावर अॅल्युमिनियमचा पिस्टन चालू शकतो तो त्याच्या स्कर्टवरच्या (खालच्या घेरावरच्या) लोहाच्या लेपामुळे. लेप झिजला की धातू धातूला खरवडू लागतो. थंड इंजिनावर जोरात अॅक्सिलरेटर देणं, जवळच्या जवळच्या फेऱ्या, एसी लावून तासन् तास उभं ठेवणं, जुनं पातळ झालेलं ऑईल, या सगळ्यांनी ते लवकर होतं. लक्षणं म्हणजे गरम झाल्यावर येणारी लयबद्ध टकटक, वाढलेला ऑईलचा खप आणि सायलेन्सरच्या तोंडाशी ओलसर काजळी. खरेदीदार रोज भट्टीतून अॅल्युमिनियम ओतणारा माणूस. हे चार वाक्यांत त्याला कोणी सांगितलं असतं, तर दुसऱ्याच प्रश्नांनी त्याने विक्रेत्याला भंडावून सोडलं असतं.

याशिवाय किरकोळ गोष्टी आहेत: छताच्या कडेचे पाण्याचे निचरे पालापाचोळ्याने तुंबतात आणि पाणी केबिनमध्ये उतरतं. पुढच्या बंपरमधल्या हवेच्या फटींतून कचरा आत जाऊन रेडिएटर आणि एसी कंडेन्सर यांच्यात साचतो आणि दोन्ही कुजवतो. ऑईल सेपरेटर (इंजिनातल्या वाफेतून ऑईल वेगळं करणारा भाग) फाटला की आयडलला, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन नुसतं चालू असलं की, ऑईलचं झाकण आतून ओढून धरल्यासारखं लागतं आणि मागे पांढरा लोट निघतो.

समोर आलेली माहिती

विक्रेत्याने 42 फोटो आणि दोन मिनिटं चाळीस सेकंदांचा व्हिडिओ पाठवला. व्हिडिओ सुरू होतो तेव्हाच इंजिन चालू आहे, गाडी नुकतीच धुतलेली आहे आणि पाठीमागे पंजाबी गाणं लागलंय. फोनवर “भाईसाब, गाडी मक्खन है” आणि व्हॉट्सअॅपवर “29,800 जेन्युइन”. हा दुसरा संदेश पुढे कामाला आला.

खरेदीदाराने चार गोष्टी मागितल्या: थंड इंजिन सुरू करतानाचा व्हिडिओ, सर्व्हिसची बिलं, खालून घेतलेले फोटो आणि दिल्लीतल्या पोर्शेची कामं करणाऱ्या एका गॅरेजमध्ये तपासणी. बिलं “पहिल्या मालकाकडे” होती. थंड स्टार्टचा व्हिडिओ “उद्या” येणार होता, तो आला नाही. गॅरेजला न्यायला सपशेल नकार: “गाडी बाहेर जात नाही, ज्याला पाहायचं त्याने इथे येऊन पाहावं.” दोन इतर गिऱ्हाइकं रांगेत असल्याचंही कळवण्यात आलं.

पर्याय

त्या आठवड्यात त्याच्यापुढे चार वाटा होत्या.

मुंबईची गाडी घेणं. तीन लाख जास्त, पण एका रात्रीच्या अंतरावर, बिलांसकट, आणि महाराष्ट्रातच नोंदलेली असल्याने पुन्हा कर नाही. हा शेवटचा मुद्दा त्याने मोजलाच नाही. परराज्यातली गाडी इथे नोंदवताना एकरकमी कर नव्याने भरावा लागतो. वयानुसार तो घटतो, पण आयात गाडीचा दर मुळातच चढा असतो.

स्वतः दिल्लीला जाणं. विमानाने एका दिवसात उरकलं असतं. कारखान्यात मार्चअखेरची घाई होती, म्हणून टाळलं.

जाणकार मेकॅनिक पाठवणं. मुंबईतल्या एका स्वतंत्र पोर्शे मेकॅनिकने जाण्यायेण्यासह 35,000 सांगितले. “नुसतं बघायला एवढे?” म्हणून हा पर्याय बाद झाला.

सर्वसाधारण तपासणी कंपनीकडून अहवाल घेणं. 4,500 रुपयांत सव्वाशे मुद्दे. हे निवडलं गेलं.

पहिला निर्णय : टोकन

रांगेतल्या गिऱ्हाइकांचं ऐकून तिसऱ्याच दिवशी एक लाख रुपये टोकन पाठवलं. पावतीवर एकच ओळ होती, “टोकन परत होणार नाही”. तपासणीत काही निघालं तर काय, याचा उल्लेख नव्हता. पैसे अडकले की माणूस अहवाल वाचताना गाडीच्या बाजूने वाचतो. इथे तेच झालं.

दुसरा निर्णय : अहवाल स्वीकारणं

तपासनीस दुपारी बाराला पोचला तेव्हा इंजिन गरम होतं. त्याने साधा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, लावला. ‘फॉल्ट कोड : शून्य’ असं आलं. पण त्याच स्कॅनरच्या स्क्रीनशॉटमध्ये स्वचाचणीच्या सातपैकी पाच रकान्यांत ‘अपूर्ण’ होतं. याचा अर्थ एवढाच की कोड नुकतेच पुसले गेलेत किंवा बॅटरी काढून लावली आहे. स्क्रीनशॉट अहवालात होता. त्याचा अर्थ लावणारं कोणी नव्हतं.

त्याहून बोलका होता 61 वा मुद्दा: ‘इंजिन बे – स्वच्छ, गळती नाही’. बॉक्स्टरचं इंजिन सीटच्या मागे, छताच्या खाली असतं. पुढचं झाकण उघडलं की सामानाचा कप्पा दिसतो, मागचं उघडलं तरी सामानाचाच. इंजिन पाहायचं तर छत अर्धं उचलून सर्व्हिस स्थितीत न्यावं लागतं, गालिचा आणि वरचं झाकण काढावं लागतं, नाहीतर गाडी लिफ्टवर घ्यावी लागते. अहवालातला ‘इंजिन बे’चा फोटो मागच्या डिकीचा होता. राखाडी गालिचा, कडेला ऑईल आणि कूलंटची दोन झाकणं. ज्याला इंजिन कुठे आहे हे ठाऊक नव्हतं, त्याने ते स्वच्छ असल्याचा निर्वाळा दिला होता. हा एक फोटो नीट पाहिला असता तरी सव्वाशे मुद्द्यांची किंमत कळली असती.

रंगाची जाडी मात्र त्याने प्रामाणिकपणे मोजली होती. बहुतेक पत्र्यांवर 110 ते 140 मायक्रॉन, डाव्या मागच्या फेंडरवर 380. कंपनीचा रंग साधारण 100 ते 150 मध्ये असतो. 380 म्हणजे पुन्हा रंगवलेलं, थोडी पुट्टी असलेलं, पण मोठा अपघात नव्हे. यावरून भाव पाडून सौदा 21 लाख 75 हजारांवर आला. खरेदीदाराला घासाघीस जिंकल्याचा आनंद झाला. पावणेतीन लाख एवढ्या सहज का सुटले, हा प्रश्न तेव्हा पडायला हवा होता.

तिसरा निर्णय : सगळे पैसे आधी

उरलेले 20 लाख 75 हजार 14 मार्चला आरटीजीएसने गेले. गाडी ट्रकवर चढायच्या आधी, आणि एनओसी (गाडी दुसऱ्या राज्यात न्यायला आरटीओचा ना-हरकत दाखला) हातात यायच्याही आधी. आरसीवर नाव तिसऱ्याच व्यक्तीचं, त्या व्यक्तीच्या कोऱ्या सह्यांचे मालकी बदलाचे फॉर्म 29 आणि 30 विक्रेत्याच्या फाईलमध्ये, पैसे विक्रेत्याच्या खात्यात, बिल नाही. जुन्या गाड्यांच्या बाजारात हा प्रकार इतका सर्रास चालायचा की कोणाला वावगं वाटत नसे.

एनओसी अडली ती दोन जागी. आरसीवर 2013 च्या कर्जाचा बँकेचा बोजा होता. कर्ज फिटलेलं, पण फॉर्म 35 देऊन नोंद काढलेली नव्हती. शिवाय नऊ ई-चलनं थकली होती. दोन्ही गोष्टी परिवहनच्या पोर्टलवर गाडीच्या क्रमांकावरून दहा मिनिटांत दिसतात. एनओसी 30 मे रोजी मिळाली, म्हणजे पैसे दिल्यानंतर अकरा आठवड्यांनी.

गाडी आल्यावर

62,000 रुपये भाड्याच्या बंद कंटेनरमधून गाडी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात उतरली. बॅटरी मेलेली, पुढच्या बंपरची खालची कड खरवडलेली, दार उघडताच ओल्या गोणपाटाचा वास. सीटमागचा गालिचा दाबला की बोटांना पाणी लागत होतं. छताचे निचरे तुंबलेले. टायरवर 2315 हा आकडा, म्हणजे 2015 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक, रबर मात्र सात वर्षांचं आणि बाजूने बारीक तडकलेलं.

दोनच दिवसांत खरी गोष्ट ऐकू आली. वीस मिनिटं चालवून गाडी भिंतीलगत आयडलवर उभी केली की मागून टकटक, शिवणयंत्रासारखी, आरपीएमबरोबर वाढणारी. 900 किलोमीटरमध्ये एक लिटर ऑईल गेलं.

मे महिन्यात फ्लॅटबेडवरून गाडी मुंबईला नेली. तिथे दोन तपासण्या झाल्या, आणि या दोन्ही दिल्लीत होऊ शकल्या असत्या.

पहिली, पोर्शेच्या इंजिन संगणकातले चालू तास, म्हणजे इंजिन आजवर किती तास चाललं, ते वाचणं. साध्या स्कॅनरला ते दिसत नाहीत. पोर्शेचं पिविस किंवा ड्युरामेट्रिकसारखं साधन लागतं. तास निघाले 2,480. 29,800 भागिले 2,480, म्हणजे ताशी सरासरी 12 किलोमीटर. दिल्लीची गर्दी धरली तरी आयुष्यभराची सरासरी 20 ते 25 यावी. त्या हिशेबाने गाडी पन्नास-साठ हजार चाललेली असणार. केवळ तासांवरून मीटर मागे केलं असं छातीठोक म्हणता येत नाही, कारण ड्रायव्हरने एसी लावून उभी ठेवली तरी तास चढतात. पण चॅसी क्रमांकावरून सर्व्हिसची नोंद मागवली, तेव्हा 2017 च्या एका भेटीत मीटर 38,600 होतं. संशयाला जागा उरली नाही.

दुसरी, बोअरोस्कोप, म्हणजे सिलिंडरच्या आत सोडायचा बारीक कॅमेरा. सहाही प्लग काढले. दोन ऑईलने काळे ओले होते. पिस्टन खालच्या टोकाला नेऊन प्लगच्या भोकातून कॅमेरा सोडला, तर त्याच दोन सिलिंडरांच्या भिंतीवर नखाने ओढल्यासारखे उभे चरे.

चौथा निर्णय : आता काय

चार मार्ग चर्चेत आले. तशीच चालवायची, जाडसर ऑईल घालून, दर 5,000 किलोमीटरला बदलून, गरम होईपर्यंत जोर न देता. अशी गाडी कधी वर्ष-दोन वर्षं ओढते, कधी महिन्यात हात टेकते. दुसरा, जुनं इंजिन आणून बसवणं. त्यात इंजिन क्रमांक बदलतो, तो आरसीवर चढवायला आरटीओची मंजुरी लागते, आणि आलेल्या इंजिनाच्या भिंती कशा असतील ते पुन्हा देवाला ठाऊक. तिसरा, इंजिन खोलून सिलिंडरांना नवे लायनर, म्हणजे आतल्या नव्या भिंती. चौथा, आहे तशी विकणं, म्हणजे आपली म्हैस दुसऱ्याच्या पाण्यात सोडणं. चौथा त्याने नाकारला.

त्याआधी विक्रेत्याचा प्रश्न होता. इथे एक गोष्ट त्याने फार नेमकी केली. वकिलाच्या सल्ल्याने इंजिनाला हात लावला नाही. इंजिन एकदा खोललं की दोष कुणामुळे, हा वाद कधीच संपत नाही. बोअरोस्कोपचं चित्रण, तासांचा अहवाल, 2017 ची नोंद आणि “29,800 जेन्युइन” हा संदेश जोडून जुलैमध्ये नोटीस गेली. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार तक्रार ग्राहकाच्या राहत्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे दिल्लीचे हेलपाटे नाहीत. 50 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोग पुरतो आणि मुदत दोन वर्षांची असते. विक्रेता धंदेवाईक होता म्हणून हे शक्य झालं. एखाद्या खासगी मालकाकडून गाडी घेतली असती, तर दिवाणी दाव्याशिवाय फारसं काही हाती नव्हतं.

विक्रेत्याने ‘जशी आहे तशी’ असं लिहिलेली डिलिव्हरी चिठ्ठी पुढे केली. वकिलाचं मत असं की इंजिनाच्या झिजेबाबत ती चिठ्ठी आड येईल, मीटरबाबत नाही. निकालाला लागणारा काळ आणि तोवर उभी राहणारी गाडी पाहता ऑक्टोबरमध्ये तीन लाखांवर तडजोड झाली, दोन हप्त्यांत. कमी वाटते, पण गाडी चालती करायची तर वाट मोकळी होणं गरजेचं होतं.

निष्पत्ती

नोव्हेंबरमध्ये इंजिन खोललं. सहाही सिलिंडरांना निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा मुलामा असलेले लायनर, नवे पिस्टन. क्रँककेस दुभागलीच होती, म्हणून आयएमएसचं बेअरिंगही बदललं. एरवी त्यासाठी एवढी खोलाखोल कोणी केली नसती. पाण्याचा पंप आणि ऑईल सेपरेटरही नवे. भाग परदेशातून यायला वेळ लागला आणि काम सात महिने चाललं. बिल 9 लाख 40 हजार.

हिशेब असा: गाडी 21,75,000, वाहतूक 62,000, अहवाल 4,500, चार टायर 1,38,000, बॅटरी 16,000, निचरे आणि गालिचा 9,000, मुंबईची फ्लॅटबेड दोन्ही वेळची 44,000, इंजिन 9,40,000. एकूण 33,88,500. तडजोडीचे तीन लाख वजा जाता 30,88,500, आणि यात महाराष्ट्राचा कर धरलेला नाही. मुंबईची गाडी साडेसत्तावीस लाखांची होती. तिच्यातही हेच इंजिन होतं, त्यामुळे तिने पुढे त्रास दिलाच नसता असं नाही. फरक इतकाच की ती कोणत्याही गॅरेजला न्यायला तिचा मालक तयार होता.

ऑगस्ट 2022 मध्ये एमएच-09 क्रमांक मिळालाच होता. 15 वर्षांची मुदत जुलै 2023 मध्ये संपत होती, गाडी जूनमध्ये हाती आली. नूतनीकरणाला गाडी प्रत्यक्ष दाखवावी लागते, त्यामुळे काम महिनाभर लांबतं तर मुदत हुकली असती. एप्रिल 2022 पासूनच्या दराने आयात चारचाकीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी तेव्हा 40,000 रुपये होती, देशी मोटारीला 5,000. नूतनीकरण पाच वर्षांचं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी जागा गॅरेजच्या नकाराची. आपल्या जागेबाहेर गाडी न सोडणाऱ्या विक्रेत्याला एक मधला मार्ग सुचवता येतो: त्याचाच माणूस गाडी चालवत आणेल, इंधन आणि लिफ्टचा खर्च आपला. यालाही नकार आला की सौदा तिथेच सोडायचा. मेकॅनिकचे 35,000 त्याला जास्त वाटले. ते खरेदीच्या दीड टक्क्याच्या आसपास होते.

तपासणी सांगताना काय हवं ते नावानिशी लिहून द्यावं लागतं. इंजिन रात्रभर बंद, सुरू करण्याआधी स्कॅनरवर कूलंटचं तापमान हवेइतकं असल्याचा फोटो. वीस मिनिटं चालवून मग खालून आवाजाचं चित्रण. चालू तास. स्वचाचणी अपूर्ण असेल तर शंभरेक किलोमीटर चालवून पुन्हा स्कॅन. सहा सिलिंडरांचा बोअरोस्कोप, पिस्टन खाली असताना. गालिचे हाताने दाबून. टायरचे आठवडे. आणि नोंदणीकृत मालकाकडून सर्व्हिस सेंटरला इतिहास देण्याची लेखी परवानगी. या एका कागदाने मीटरचा खोटेपणा फुकटात उघडा पडला असता.

टोकन द्यायचंच तर पावतीवर ‘तपासणी समाधानकारक नसल्यास पूर्ण परत’ ही ओळ हवी. रक्कमही तीन टप्प्यांत: थोडी तपासणीनंतर, मोठा भाग एनओसी आणि बोजा उतरल्याची नोंद दिसल्यावर, उरलेली ट्रकवर चढताना. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं आणि गाडी त्यांच्या ताब्यात आल्याची नोंद पोर्टलवर होते. कोऱ्या सह्यांच्या फॉर्मवर धंदा करणारा विक्रेता आता त्यावरूनच ओळखू येतो.

बंपरच्या खरवड्याचे 18,000 वाहतूकदाराकडे मागितले, पण मिळाले नाहीत, आणि ती दुरुस्ती अजून राहिलीच आहे. चढवताना त्या कडेचा फोटो कोणी काढला नव्हता आणि बिल्टीवर ‘मालकाच्या जोखमीवर’ छापलेलं होतं. विमा तर आधीच्या मालकाच्याच नावावर होता. तो 14 दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायला अर्ज द्यायचा असतो, नाहीतर स्वतःच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी मान्य करत नाही. गाडी सतराशे किलोमीटर कंटेनरमध्ये होती, त्या काळात गाडीच्या नुकसानीसाठी नवीन मालकाच्या नावावर कसलंच संरक्षण नव्हतं. वाहतूकदाराकडूनच गाडीच्या पूर्ण किमतीचा प्रवासविमा जास्तीचे पैसे भरून मागता आला असता. त्याने तो मागितला नाही, आणि वाहतूकदारानेही विचारलं नाही.